थांबवलेल्या पॅकेजांची वही

हॉस्पिटलात त्यांना सगळे आरसेवाले म्हणत. चौदा वर्षांपूर्वी त्यांनी तळघरातल्या सर्व्हरच्या खोलीत लिनक्सच्या पॅकेजांचा मिरर उभा केला. त्या वेळच्या साहेबांनी मोठ्या कौतुकाने पत्रक काढलं की आता आपल्याकडे स्वतःचा मिरर आहे, अडचण आल्यास तळघरात संपर्क साधावा. दुसऱ्याच दिवशी बाळंतिणींच्या वॉर्डातली आया तडा गेलेला आरसा काखोटीला मारून खाली उतरली आणि म्हणाली, "कधीपर्यंत मिळेल?" झालं. त्या दिवसापासून त्यांचं नाव आरसेवाले पडलं, आणि पगारपत्रक सोडलं तर खरं नाव कुठे उरलं नाही.

मिरर म्हणजे काय ते त्यांनी शंभरदा समजावून सांगितलं असेल. इंटरनेटवर प्रोग्रामांची भली मोठी भांडारं असतात. एकेक प्रोग्राम पॅकेज म्हणून बांधून ठेवलेला असतो, आणि रोज नवी येतात, जुनी बदलतात. हॉस्पिटलातल्या सव्वाचारशे कॉम्प्युटरांनी उठसूट बाहेर धावण्यापेक्षा एका सर्व्हरने सगळं भांडार उतरवून आणायचं आणि बाकीच्यांनी ते घरच्या घरी घ्यायचं. पॅकेजं कुठून आणायची तो पत्ता प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये एका छोट्या फाइलीत लिहिलेला असतो. सव्वाचारशे फायलींत पत्ता एकच होता, तळघराचा. ऐकणारे मान डोलवायचे आणि प्रिंटर का चालत नाही ते विचारायचे.

नुसतं उतरवून घ्यायला अक्कल लागत नाही, ते काम सर्व्हर आपलं आपण करतो. आरसेवाल्यांची अक्कल त्याच्या पुढे सुरू व्हायची. त्यांच्या मिररला दोन कप्पे होते. एकाला ते कच्चा म्हणत, दुसऱ्याला पक्का. सोमवारी बाहेरून आलेलं सगळं कच्च्यात पडायचं. ते खोलीतल्या तीन जुन्या कॉम्प्युटरांवर चढवायचं आणि आठवडाभर बघत बसायचं. कुठे काही अडलं नाही तर पुढच्या सोमवारी पक्क्यात. सगळं हॉस्पिटल फक्त पक्क्यातून घ्यायचं. काही पॅकेजं मात्र वर्षानुवर्षं पक्क्यात जातच नसत, कारण त्यांची नवी आवृत्ती आली की कुठलं ना कुठलं यंत्र रुसायचं. अशा थांबवलेल्या पॅकेजांची यादी सर्व्हरमध्ये होती. पण यादीत नुसती नावं. ते का थांबवलं, कुणी सांगितलं, कधी सांगितलं हे सगळं निळ्या पुठ्ठ्याच्या एका लांबट वहीत होतं. एक्केचाळीस नोंदी, सगळ्या त्यांच्याच अक्षरात.

सतरावी नोंद रक्तवाल्या बाईंची. बाई म्हणजे रक्त तपासायच्या लॅबमधल्या सगळ्यांत जुन्या तंत्रज्ञ, एकतीस वर्षं नोकरी, आणि कामात कधी लाल शेरा नाही. त्यांच्याकडचं रक्तपेशी मोजायचं यंत्र ज्या कंपनीचं होतं ती कंपनी बुडून जमाना झाला होता. यंत्र आपले आकडे शेजारच्या कॉम्प्युटरला पाठवायचं, आणि ते बोलणं एका जुन्या पॅकेजच्या जिवावर चालायचं. सहा वर्षांपूर्वी ते पॅकेज नवं झालं आणि यंत्र मुकं झालं, तेव्हा बाई धापा टाकत जिना उतरून आल्या. आरसेवाल्यांनी दहा मिनिटांत जुनं परत बसवलं. बाई म्हणाल्या, "भाऊ, आता हे पुन्हा कधी हलवायचं नाही. लिहून ठेवा. माझ्यासमोर लिहा." त्यांनी समोर लिहिलं. बाईंनी चष्मा लावून वाचलं, "लॅब शब्दापुढे माझं नाव घाला," म्हणाल्या, आणि गेल्या. त्यानंतर सहा वर्षं यंत्राने कुरकुर केली नाही. दोघांची जिन्यात गाठ पडली की बाई विचारायच्या, "काय, अडकवून ठेवलंय ना आमचं?" आणि आरसेवाले म्हणायचे, "किल्ली माझ्या खिशात आहे."

मग साडू आला.

आता साडू हे नातंच मुळात विचित्र. रक्ताचं नाही, आवडीचं नाही, दोन बहिणींच्या पदराला बांधलेली दोन गाठोडी. आरसेवाल्यांच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा. वयाने दहा वर्षांनी लहान, मोठमोठ्या कंपन्यांतून फिरून आलेला. त्याला हॉस्पिटलात कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख म्हणून घेतलं तेव्हा आरसेवाल्यांच्या बायकोने शेजारीपाजारी सांगितलं, "आता काय, घरचाच माणूस साहेब." घरचा माणूस साहेब झाला की आधी घर जातं, हे तिला कोण सांगणार?

साडूने महिन्याभरात एक तक्ता बनवला. कुठल्या कॉम्प्युटरवर किती अपडेट बाकी आहेत त्याचा. कच्च्यातलं पक्क्यात यायला आठवडा लागत असल्यामुळे तक्ता कायम लाल. मोठ्या बैठकीत तो पडद्यावर लावून साडू म्हणाला, "जगाने आज शिजवलेलं आज खाल्लं. आमचे साडूभाऊ मात्र सगळ्यांना सात दिवसांचं शिळं वाढतात." सगळे हसले. अधीक्षक हसले, लेखाविभाग हसला, ज्या परिचारिकेचा प्रिंटर त्यांनी त्या सकाळीच दुरुस्त केला होता तीही हसली. आरसेवालेसुद्धा हसले, कारण न हसून सांगतात कुणाला! पण तो घाव बसला. चौदा वर्षांत कुणी त्यांचं काम पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं ते हसायला.

ठरलं असं की मिरर बंद करायचा, सगळ्या कॉम्प्युटरांतला पत्ता बदलून थेट बाहेरचा घालायचा, आणि तळघरातला सर्व्हर पुसून दुसऱ्या कामाला लावायचा. आरसेवाल्यांची बदली समोरच्या नव्या इमारतीत, यंत्रसामग्रीच्या मोजदादीवर. सोपवणीचा एक फॉर्म होता. सर्व्हर कुठला, पासवर्ड काय, किल्ल्या किती. कुठलं पॅकेज का थांबवलं याला फॉर्ममध्ये जागा नव्हती. सही घेताना साडूने मोबाइलमधून डोकं वर न काढता विचारलं, "अजून काही सांगण्यासारखं?"

निळी वही आरसेवाल्यांच्या पिशवीत होती. सतरावी नोंद त्यांना पाठ होती. ती थांबवणूक फक्त मिररमध्ये होती, लॅबच्या कॉम्प्युटरला तिचा पत्ताही नव्हता. मिरर गेला की तो कॉम्प्युटर बाहेरून नवं पॅकेज उचलणार आणि यंत्र मुकं होणार, हे त्यांना ढळढळीत दिसत होतं.

"नाही," ते म्हणाले.

त्यात विसरणं नव्हतं, घाई नव्हती. त्यांना ते व्हायला हवं होतं. मनात सगळं रंगवून झालं होतं. यंत्र बंद पडेल, लॅब ओरडेल, साडू घामाघूम होऊन वर-खाली पळेल, अधीक्षक विचारतील, "अहो, ते आरसेवाले कुठे आहेत?" आणि मग आपण वही घेऊन सावकाश जिना उतरायचा. दहा मिनिटांचं काम. साडूच्या डोळ्यांदेखत करायचं. चाळीस नोंदी राहू दे, एकट्या सतराव्या नोंदीने त्याची जिरेल.

पत्ते सोमवारी बदलले. मंगळवारी सकाळी लॅबचं यंत्र मुकं झालं.

आरसेवाले समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर खुर्च्यांखाली वाकून क्रमांक उतरवत होते. नऊ वाजून दहा मिनिटांनी त्यांचा मोबाइल वाजला. बाईंचं नाव. त्यांनी बघितलं आणि वाजू दिला. जरा मुरू दे, म्हणाले मनाशी. साडेनऊला पुन्हा वाजला. दहाला पुन्हा. तिसऱ्या वेळी त्यांना चक्क बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते पण तसंच आहे. अधीक्षकांचा फोन आला की उठायचं असं त्यांनी ठरवलं होतं. अधीक्षकांचा फोन आलाच नाही, कारण अधीक्षकांपर्यंत गोष्ट गेलीच नाही. बाईंनी विभागात फोन केला तर त्यांना तक्रार क्रमांक मिळाला आणि बारा तासांत माणूस येईल असं उत्तर मिळालं. साडू त्या दिवशी कुठल्याशा परिषदेत भाषणाला गेला होता. विषय होता, अपडेट वेळेवर करण्याचे फायदे.

आणि बाई काही हातावर हात ठेवून बसणाऱ्या नव्हत्या. यंत्राच्या छोट्या पडद्यावर आकडे दिसत होते, फक्त कॉम्प्युटरकडे जात नव्हते. वॉर्डात लोक खोळंबले होते. त्यांनी पेन घेतलं आणि एकेक आकडा हाताने चिठ्ठीवर उतरवायला सुरुवात केली. एकशे तीस नमुने. चार तास उभ्याने. दुपारी एकच्या सुमाराला कधीतरी दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. धडधाकट माणसाला रक्त कमी असल्याचा कागद गेला आणि त्याला रक्त चढवायची तयारी झाली. पिशवी लावण्याआधी एका परिचारिकेला शंका आली म्हणून थोडक्यात निभावलं. पण त्या माणसाच्या मुलाने लेखी तक्रार केली, आणि लेखी तक्रारीला कुणाचं तरी डोकं लागतं. दोन्ही चिठ्ठ्यांवर सही बाईंची होती.

मारायला गेले साडूला आणि काठी बसली बाईंना. आरसेवाल्यांना हे संध्याकाळी कळलं तेव्हा ते नव्या इमारतीच्या जिन्यात खाली बसले. वही पिशवीत होती. अजून वेळ होता.

चौकशी समिती नेमली गेली. प्रश्न एकच. ते पॅकेज हलवू नका असं लॅबने कॉम्प्युटर विभागाला कधी कळवलं होतं का? कळवलं असेल तर दोष विभागाचा, आणि हाताने लिहिण्याची पाळी विभागाने आणली म्हणून बाई सुटल्या. कळवलं नसेल तर सगळं बाईंच्या माथी. बाईंनी लेखी उत्तर दिलं, "सहा वर्षांपूर्वी तोंडी कळवले. आरसेवाल्यांनी माझ्यासमोर निळ्या वहीत लिहून घेतले. त्यांना विचारावे."

रविवारी साडू आणि धाकटी जेवायला आले. जेवणं झाल्यावर बहिणी भांडी आवरत आत हसत होत्या आणि हे दोघे गॅलरीत. साडूने कठड्याला हात टेकले आणि रस्त्याकडे बघत बोलायला लागला.

"साडूभाऊ, ती वही आहे?"

आरसेवाल्यांनी आत स्वयंपाकघराकडे एकदा बघून घेतलं.

"आहे म्हणजे. मला वाटलंच. हे बघा, मी तुम्हाला विचारलं होतं, अजून काही सांगण्यासारखं आहे का. तुम्ही नाही म्हणालात. फॉर्मवर तुमची सही आहे. वही निघाली की पहिला प्रश्न हाच, हे माहीत असताना गप्प का बसलात? आणि त्या सकाळी बाईंनी तीनदा फोन केला म्हणे तुम्हाला."

"आणि तुला काही नाही होणार?"

"होईल ना! न तपासता पत्ते मी बदलले. मी पण जाईन. दोघे जाऊ, दोन्ही बहिणींना बरोबर घेऊन." तो पहिल्यांदाच यांच्याकडे वळला. त्याचा चेहरा उतरलेला होता, आणि त्या उतरलेल्या चेहऱ्यातही हिशेब चालू होता. "तुमचं बरोबर होतं, मानतो मी. आठवडाभर थांबवायलाच हवं. हे निवळलं की मी मिरर परत सुरू करतो. तळघर तुमचं. कच्चा-पक्का, काय हवं ते करा. निवृत्तीपर्यंत कुणी हात लावणार नाही."

झाकली मूठ दोघांची होती. ती उघडायची की नाही एवढाच सवाल. रात्री बायको म्हणाली, "अहो, कसली वही ते मला नाही कळत. पण धाकटी आत रडत होती हो." हसण्याचा आवाज आला होता तो रडण्याच्या आधीचा असावा.

समितीची खोली दुसऱ्या मजल्यावर. लांब टेबलापलीकडे तिघे, मधल्या खुर्चीत बालरोगाच्या मोठ्या डॉक्टर. बाई भिंतीशी खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. आरसेवाले आत आले तसा बाईंचा जीव भांड्यात पडलेला त्यांना दिसला. आपला माणूस आला, असं तोंडावर लिहिलेलं.

"बाईंनी तुम्हाला हे सांगितलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोज दहा जण दहा गोष्टी सांगतात, मॅडम. नक्की आठवत नाही."

"वहीत लिहून घेतलंत म्हणतात त्या."

"वह्या पुष्कळ होत्या कामाच्या. खोली रिकामी करताना रद्दीत गेल्या असतील."

मग बोलल्या त्या बाईच. खुर्चीतून अर्धवट उठून म्हणाल्या, "खरं आहे, मॅडम. यांना दोन दिवसांत खोली रिकामी करायला लावली. चौदा वर्षांचा पसारा. त्यात एक वही कुठे सापडायची? यांचा काही दोष नाही."

आरसेवाल्यांना वाटलं, आता तरी बोलावं. तोंडही उघडलं होतं. पण डॉक्टरांनी "ठीक आहे, या तुम्ही" म्हटलं आणि ते उघडलेल्या तोंडाने "थँक यू" म्हणून बाहेर आले. भित्र्या माणसाला दार दाखवलं की त्याला आणखी काही लागत नाही.

बाईंना सक्तीची निवृत्ती मिळाली. सेवापुस्तकात लाल शाईचा एक शेरा, एकतीस वर्षांतला पहिला आणि अखेरचा. निवृत्तीला आठ महिने राहिले होते.

साडू शब्दाला जागला. पंधरा दिवसांत पत्रक निघालं, "सुरक्षित अपडेटसाठी नवे द्विस्तरीय धोरण". कच्च्याला आता प्राथमिक स्तर म्हणायचं आणि पक्क्याला प्रमाणित. अधीक्षकांनी बैठकीत साडूची पाठ थोपटली की चुकीतून शिकणारा अधिकारी असा असतो. तळघरातला सर्व्हर पुन्हा भरला, सव्वाचारशे फायलींत जुना पत्ता परत गेला. आरसेवाले आपल्या खुर्चीत येऊन बसले. जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. जेवण मात्र जात नव्हतं, आणि बायकोला वाटत होतं की पित्त झालंय.

नोकरी सोडणाऱ्याला सगळ्या विभागांच्या सह्या गोळा कराव्या लागतात, की याच्याकडे आमचं काही येणं नाही. कॉम्प्युटर विभागाची सही आरसेवाल्यांकडे होती. बाई बुधवारी दुपारी आल्या. जिना हळू उतरल्या, मधे एकदा थांबल्या. यांनी खुर्ची दिली. वही याच टेबलाच्या खणात होती, बाईंच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर, कुलूप लावून. फेकायची म्हणून त्यांनी ती तीनदा हातात घेतली होती, आणि तिन्ही वेळा परत ठेवली होती.

बाईंचं खातं बंद करायला एक ओळ टाइप करावी लागते. त्यांनी ती केली. पडद्यावर बाईंचं नाव आलं आणि गेलं. फॉर्मवर सही करून त्यांनी तो पुढे सरकवला.

"आमचं यंत्र बरं चाललंय म्हणे आता," बाई म्हणाल्या.

"हो. जुनं पॅकेज परत अडकवलंय."

"छान झालं." बाईंनी फॉर्मची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "भाऊ, एक विचारू? राग नाही ना येणार? मी खरंच सांगितलं होतं ना तुम्हाला?"

आरसेवाल्यांनी कीबोर्डकडे बघितलं.

"नाही म्हणजे, मला अगदी डोळ्यांसमोर दिसतं. तुम्ही इथे बसलेले, मी अशी उभी, निळा पुठ्ठा. माझं नाव घाला म्हणाले तेही आठवतं. पण घरी मुलगा म्हणतो, आई, तुला वाटत असेल तसं. त्या चिठ्ठ्या पण तू बरोबरच लिहिल्यास असं तुला वाटत होतं की! त्याचंही बरोबर आहे. तुम्हालाही आठवत नाही म्हणजे..." त्या थांबल्या. "आता रात्री गॅस बंद केला की नाही ते तीनदा बघते मी. मुलगा म्हणतो, एकदा डॉक्टरांना दाखवू. स्मरणशक्तीच्या."

त्या वाट बघत होत्या. एक शब्द पुरला असता. समितीला नाही, अधीक्षकांना नाही, फक्त त्यांना, या बंद खोलीत, जिथे ऐकायला तिसरं कुणी नव्हतं.

"दाखवून घ्या, बाई," आरसेवाले म्हणाले. "या वयात दाखवलेलं बरं."